गुटाच्या डबीतला पाव

सकाळी सात वाजता फोन वाजला तेव्हाच पिन्हासनं ओळखलं, की आज आपल्या कॉफीचं काही खरं नाही.

"गाडी काढ," पलीकडून ब्रुरिया म्हणाली. "हदारच्या सांस्कृतिक भवनात चोरी झालीय."

"आज? नरसंहाराच्या स्मरणदिनाला?"

"चोराला पंचांग बघायला सांगायचं राहून गेलं. निघ लवकर."

ब्रुरिया कात्झ ही पिन्हासच्या दिवंगत बायकोची थोरली बहीण. पंचवीस वर्षं पोलिसांत काढून ती खासगी गुप्तहेर झाली होती. हैफातल्या चोरांना ती जेवढी छळत नसेल तेवढी पिन्हासला छळत असे. तिला गाडी चालवता येत नव्हती. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला हा मेव्हणा मग असतो कशाला, असा तिचा साधा हिशेब होता.

"उतारावर इतका ब्रेक दाबू नकोस."

"मग कुठे दाबू? चढावर?"

"पिनी, समोर बघ."

पिन्हासनं समोर बघितलं. एकतीस वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा उठला नव्हता. पण हे या बाईला सांगून काही उपयोग नव्हता.

भवनाच्या दारात अदिना लिपस्कर वाटच बघत होती. प्रदर्शनाची सगळी जबाबदारी तिच्यावर. दोन वर्षं ते प्रदर्शन घेऊन ती गावोगाव फिरत होती. पोलंडमधल्या लोझ शहरात, नाझींनी कुंपण घातलेल्या घेट्टोत कोंडलेली ज्यू मुलं कशी जगली, काय खेळली, काय शिकली, हे त्यात मांडलेलं होतं. सिगारेटच्या पाकिटांचे कापून केलेले पत्ते. चिंध्यांची बाहुली. कुणा पोरानं काढलेलं चित्र, त्यात घर एवढंसं आणि शेजारी पाव घराच्या दुप्पट. पिन्हास त्या चित्रापाशी थबकला तर ब्रुरियानं त्याला कोपरानं ढोसलं.

"इकडे या," अदिना म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "ही बघा."

ऑफिसातल्या टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांची एक जुनी, गंजकी, पत्र्याची डबी होती. आत पावाचा वाळका तुकडा.

"पाव तर आहे की!" पिन्हास म्हणाला.

"आहे हो, पण तो हा नाही!" अदिना जवळजवळ रडकुंडीला आली. तिनं फाइल उघडून एक फोटो समोर आपटला. "गेल्याच्या आदल्या वर्षी, शरदात, गुटाआजींनी डबी आम्हाला दिली त्या दिवशीचा फोटो. काळा पाव, वर शहाजिरे. आणि हा? पांढरट! आज सकाळी काचेखाली ठेवायला डबी उघडली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं."

ब्रुरियानं खिशातून भिंग काढलं आणि तुकड्यावर वाकली. कडेला एक बारीक दाणा चिकटला होता.

"तांदूळ?" पिन्हासनं विचारलं.

"तीळ," ती म्हणाली. "चष्मा बदल." मग अदिनाकडे वळून म्हणाली, "पाटीवर काय लिहिलंय?"

अदिनाला ती तोंडपाठ होती. "'१९४४च्या उन्हाळ्यात तेरा वर्षांच्या हेनेकनं आपल्या अकरा वर्षांच्या बहिणीला, गुटाला, दिलेला पाव. तिनं तो न खाता आयुष्यभर जपला.' अहो, लोक या पाटीपुढे रडतात. गुटाआजी आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. अकरा वाजता त्यांच्याच हातून उद्घाटन आहे. त्यांना मी काय तोंड दाखवू? भावाची तेवढीच एक खूण होती हो!"

"त्यांनी स्वतः काय सांगितलं होतं? त्यांच्या तोंडचे शब्द आहेत?"

अदिनानं मुलाखतीचा कागद दिला. ब्रुरियानं तो दोनदा वाचला आणि पिन्हासच्या हातात ठेवला. त्यानंही वाचला. 'हेनेकनं मला डबी दिली. आत पाव होता. तेव्हापासून या डबीत पाव असतो. ती मी कधी रिकामी ठेवत नाही.' यात नवीन काय, ते त्याला कळेना. त्यानं कागद परत दिला.

"शेवटी डबी कुणाच्या हातात होती?"

"त्सियोनच्या. इथला राखणदार." अदिनानं आवाज खाली आणला. "आजींची एक अट आहे. दरवर्षी वल्हांडण सणाला डबी घरी पाठवायची, सण झाला की परत न्यायची. सणाला भावाची आठवण जवळ हवी, म्हातारं माणूस, आम्ही कधी नाही म्हटलं नाही. यंदा आम्ही सणाच्या तोंडावर पहिल्यांदाच हैफाला आलो. सण संपल्यावर गुरुवारी आमचा गाडीवाला उगवला नाही, म्हणून त्सियोनला पाठवलं. तो बसनं गेला, डबी आणली, तळघरात कुलपात ठेवली. किल्ली त्याच्याच कमरेला."

"आणि त्यानं पाव बदलला? कशासाठी?"

"देवभोळेपणा! दुसरं काय? वल्हांडणाचे सात दिवस ज्यूच्या घरात पावाचा कण ठेवायचा नसतो, आणि राहिलाच तर तो सण संपला तरी निषिद्ध. परवा यानंच मला विचारलं, डबी सणभर आजींच्या घरी होती, मग हा पाव ठेवलेला चालतो का? मी म्हटलं, बाबा रे, हा पाव नाही, ही ऐतिहासिक वस्तू आहे. त्याला ते पटलं नसणार. दिला असेल फेकून, आणि मी आरडाओरडा करू नये म्हणून दुसरा ठेवला. भवनाच्या संचालकांनी मघाशीच त्याच्या किल्ल्या काढून घेतल्यात. दहा वाजता श्रद्धांजलीचा भोंगा झाला की पोलिसांना कळवणार आहेत."

"मग मी कशाला?"

"पोलीस आले की मागून पत्रकार येतील. त्याआधी त्यानं खरं सांगावं. निदान कुठल्या कचऱ्यात टाकला तेवढं तरी!"

त्सियोन बदिही तळघरात एका खोक्यावर बसला होता. साठीचा, सडसडीत, डोक्यावर विणलेली गोल टोपी. त्याचा हात सारखा कमरेकडे जात होता आणि तिथे किल्ल्या नाहीत हे आठवून परत येत होता.

"मी पाव फेकला?" तो उसळून म्हणाला. "मी? रस्त्यात पावाचा तुकडा पडलेला दिसला तर मी उचलून भिंतीवर ठेवतो, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. लहानपणी आईनं लावलेली सवय आहे. आणि ही बाई म्हणते कचऱ्यात टाकला!"

"पण तुम्ही विचारलं होतं, चालतो का म्हणून."

"विचारलं. विचारणं गुन्हा आहे का? चालत नसता तर स्वच्छ सांगितलं असतं, की मी हात लावणार नाही, दुसरा माणूस बघा. लपूनछपून कशाला करू? सव्वीस वर्षं, ब्रुरियाबाई. या इमारतीतली टाचणी हरवली नाही. आज सगळ्यांसमोर किल्ल्या मागितल्या. तेही या दिवशी, पोरांच्या पावाची चोरी म्हणून. घरी बायकोला काय सांगू? गल्लीत कुठल्या तोंडानं फिरू?"

पिन्हासला राहवलं नाही. तो त्याच्या शेजारी खोक्यावर बसला. ब्रुरियानं मात्र वहीतून डोकं वर काढलं नाही.

"गुरुवारचं सांगा. आजींच्या घरी गेलात तेव्हा काय झालं?"

"काय होणार? डबी मागितली, तर म्हणाल्या, आधी खा. मी म्हटलं, बस चुकेल. म्हणाल्या, चुकू दे, उपाशी माणसाच्या हातात मी डबी देत नाही." त्सियोनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं. "गरम पाव होता. सात दिवसांनंतरचा पहिला. तीळ बोटांना चिकटत होते. मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या, मग आत जाऊन डबी रुमालात बांधून आणली. तो रुमाल मी सोडला नाही. शपथेवर सांगतो."

"शपथ राहू दे," ब्रुरिया म्हणाली. "चल पिनी."

वर हॉलमध्ये गुटाआजींचा नातू पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर उशी ठेवत होता. एयाल, सव्विसेक वर्षांचा, दाढीवाला. डबीचं कानावर येताच तो भडकला.

"तरी मी सांगत होतो! ती डबी जेरुसलेमच्या मोठ्या संग्रहालयात ठेवा, नीट सांभाळतील. पण ऐकेल ती आजी कसली! या फिरत्या सर्कशीत दिली."

"म्हणजे डबी इथून हलावी असं तुम्हाला वाटत होतं."

"माझ्यावर संशय?" त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, मी तीन वर्षं मेलबर्नला शिकत होतो. या हिवाळ्यात परत आलो. ते प्रदर्शन आजच पहिल्यांदा बघतोय."

"यंदाचा वल्हांडण आजीकडेच केलात?"

"केला म्हणजे भोगला!" एयाल म्हणाला. "दोन आठवडे आधीपासून घर डोक्यावर. माझी शाळेतली पुस्तकं अजून पान न् पान झटकून घेते, एखादा कण अडकला असेल म्हणून. खिसे उलटे करायला लावते. टोस्टर तर शेजारच्या अरब कुटुंबाकडे नेऊन ठेवते. या वर्षी माझ्या बुटात बिस्किटाचा चुरा सापडला, तर मला बुटांसकट जिन्यात उभं केलं. तिच्या घरात त्या सात दिवसांत पावाचा कण सापडला तर मी नाव बदलेन."

ब्रुरियानं वही मिटली.

"जा, आजींना घेऊन या," ती म्हणाली. "आणि डबीबद्दल एक अक्षर बोलू नका."

"कळलं का काही?" एयाल गेल्यावर पिन्हासनं विचारलं.

"तुला?"

"मला वाटतं, नातूच. मेलबर्नला होतो म्हणतो, पण पुरावा काय?"

"पिनी, तू बस चालवत होतास तेच बरं होतं."

पिन्हासला राग आला. सकाळपासून पोटात कॉफीचा घोट नाही, वर हे टोमणे. तो तरातरा भिंतीकडे जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. भिंतीवर प्रदर्शनाचं मोठं पोस्टर होतं. डबी आणि तिच्यातला पाव, माणसाच्या डोक्याएवढा मोठा केलेला. बघूनच त्याची भूक खवळली.

"हा तरी बरा दिसतोय," तो स्वतःशीच पुटपुटला. "वर भाजलेला कांदा आहे. आमच्या नाक्यावर मिळतो तसा."

"काय म्हणालास?"

"काही नाही."

"पिनी, काय म्हणालास?"

तेवढ्यात दहा वाजले आणि भोंगा सुरू झाला.

सगळं शहर जागच्या जागी थांबलं. खिडकीखाली रस्त्यात बसमधून माणसं उतरली आणि बसशेजारी उभी राहिली. हॉलमध्ये खुर्च्या मांडणारे, माइक लावणारे, सगळे खुर्च्या आणि माइक सोडून उभे राहिले. अदिनाच्या गालावरून पाणी ओघळत होतं. तळघराच्या जिन्यात त्सियोन मान खाली घालून उभा होता. पिन्हासनंही मान खाली घातली. त्याला आईच्या मावश्या आठवल्या, ज्यांची त्याला फक्त नावं माहीत होती.

मग त्यानं तिरप्या नजरेनं बाजूला पाहिलं आणि त्याला धक्काच बसला. ब्रुरियाची मान वर होती. अख्ख्या देशाच्या माना खाली असताना ही बया टक लावून पोस्टर बघत होती.

भोंगा विरत गेला.

"लाज नाही वाटत?" पिन्हास फिसकारला.

"वाटते. पण त्या राखणदाराची अब्रू जायची वेळ आली होती," ती म्हणाली. "अदिना! या पोस्टरवरचा फोटो कधीचा?"

"गेल्या उन्हाळ्यातला. बेरशेबाला काढलेला. का?"

"सगळ्यांना ऑफिसात बोलवा. त्सियोनलासुद्धा. आणि आजी आल्या की त्यांनाही."

दहा मिनिटांत एयाल आजीला घेऊन आला. गुटाआजी वीतभर उंचीच्या, काठी हातात, डोक्याला रुमाल. खुर्चीत बसता बसता त्यांनी सगळ्यांचे चेहरे न्याहाळले.

"कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, आजी," ब्रुरिया म्हणाली. "पण या त्सियोनवर आळ आलाय, की त्यानं तुमच्या डबीतला पाव बदलला. मला त्याबद्दलच बोलायचंय."

आजींनी तोंड उघडलं, पण ब्रुरिया बोलायला लागली की तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमत नसे.

"अदिना, तुम्ही फाइलमधला फोटो आणि आजचा तुकडा ताडून पाहिलात. पण वर्षभर ज्याखाली बसून काम केलंत, ते पोस्टर पाहिलं नाहीत. त्यावरच्या पावावर कांदा आहे. शहाजिरे नाहीत. म्हणजे पाव गेल्या उन्हाळ्याच्या आधीच एकदा बदलला होता. तेव्हा त्सियोननं ही डबी बघितलीसुद्धा नव्हती, प्रदर्शन हैफाला यंदा पहिल्यांदा आलंय. एयाल तेव्हा मेलबर्नला. आणि अदिना, तुम्ही बदलला असता तर स्वतःच्या चोरीचं पोस्टर छापून गावभर लावलं नसतं."

"कांदा..." अदिना पुटपुटली.

"हे मी सांगितलं," पिन्हास म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

"मूळ फोटो आणि पोस्टर यांच्यामध्ये काय आलं? एक वल्हांडण. पोस्टर आणि आजच्यामध्ये? पुन्हा वल्हांडण. दोन्ही वेळा डबी कुठे होती? आजींच्या घरी. त्याच घरात, जिथे बुटातल्या चुऱ्यासाठी नातवाला जिन्यात उभं करतात. तिथे सात दिवस पावाचा अख्खा तुकडा मानानं राहतो? शक्य नाही! तुम्ही सगळे समजलात की आजी सणाला डबी जवळ हवी म्हणून मागवतात. मला वाटतं, सणाआधी ती रिकामी करायला मागवतात. आणि सण संपला की पहिल्या ताज्या पावाचा तुकडा तिच्यात पुन्हा ठेवतात. गुरुवारी त्सियोननं जो तिळाचा पाव खाल्ला, त्याचाच हा भाऊ. चोरी झालीच नाही."

त्सियोननं डोळे मिटले आणि भिंतीला पाठ टेकली.

"राहता राहिला हेनेकचा पाव," ब्रुरियाचा आवाज जरा मऊ झाला. "तो आजींनी या देशात आल्यावर पहिल्याच वल्हांडणाला, नियमाप्रमाणे, काळजावर दगड ठेवून जाळला असणार. आणि..."

"काय केला?" आजींनी काठी जमिनीवर आपटली. "जाळला? मी पाव जाळला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं, पोरी?"

ब्रुरिया गप्प झाली. पिन्हासनं हे दृश्य आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"जन्मात पावाचा कण जाळला नाही मी. हा डबीतला सुद्धा नाही. सणाच्या आदल्या सकाळी चहात भिजवते आणि खाते. दगडासारखा झालेला असतो, अर्धा तास लागतो. खाते."

"मग हेनेकचा?" अदिनानं कसंबसं विचारलं. "तो कुठे आहे, आजी?"

"कुठे असणार? खाल्ला!"

अदिनानं डबीकडे पाहिलं, मग आजींकडे.

"अरे, शिकलेली माणसं ना तुम्ही?" आजींचा आवाज चढला. "अकरा वर्षांची पोर. तीन दिवस पोटात बटाट्याच्या सालांचं पाणी. हातात पाव. ती काय करेल? आठवण म्हणून जपून ठेवेल? भरल्या पोटाची माणसं काय काय लिहितात पाट्यांवर! मी शब्दानं म्हटलं होतं का, न खाता जपला म्हणून? मला विचारलंत कुणी? मला वाचता येत नाही आता, नाहीतर तेव्हाच ती पाटी फाडली असती."

एयाल तिच्या पायाशी बसला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती डबीकडे बघत होती.

"तो माझ्यासमोर बसून राहिला. म्हणाला, खा, सगळा खा, माझं झालंय. मी खाल्ला. एक घास विचारला नाही त्याला. त्याचं कुठे झालं होतं? खोटारडा! चार दिवसांनी त्याला नेलं. डबी माझ्याकडेच राहिली, रिकामी." तिनं रुमालाच्या टोकानं नाक पुसलं. "म्हणून मी ती भरून ठेवते. उद्या येऊन मागितलीच त्यानं, तर काय रिकामी डबी पुढे करू?"

पिन्हासनं चष्मा काढून पुसला.

शेवटी अदिना म्हणाली, "आजी, पण पाटी... लोकांना हे कळलं, तर काही नालायक म्हणतील, घेट्टो वगैरे सगळंच खोटं आहे."

"खोटी तुझी पाटी आहे. माझी डबी खरी आहे. घे कागद, लिही. 'डबी हेनेकची. हेनेकचा पाव गुटानं खाल्ला. आतला पाव गेल्या गुरुवारचा.' संपलं. यात कुणाला काय खोटं काढायचंय ते काढू दे."

अदिनानं लिहिलं. घाईत अक्षर वाकडं आलं, पण ब्रुरियानं तिला पुन्हा लिहू दिलं नाही. मग ब्रुरिया तशीच उठली, संचालकांच्या खोलीत गेली आणि दोन मिनिटांत किल्ल्यांचा जुडगा घेऊन परत आली. आत ती काय बोलली ते कुणाला कळलं नाही, पण संचालक तिच्या मागोमाग लाल चेहऱ्यानं आले आणि सगळ्यांसमोर त्सियोनची माफी मागून गेले.

अकरा वाजता त्सियोननं डबी दोन्ही हातांनी काचेखाली ठेवली. कुलूप लावून त्यानं किल्ल्या कमरेला अडकवल्या आणि आजींपाशी येऊन उभा राहिला.

"आजी, पुढच्या वर्षी सण झाल्यावर मीच येऊ का डबी आणायला?"

"ये," गुटाआजी म्हणाल्या. "पण घरून खाऊन येऊ नकोस."